बायपासवरचा शो

सिनेमा सुटला, आणि पार्किंगमध्येच मतं सुरू झाली.
पुरंदरेबाई म्हणाल्या, बंगले खरे वाटत नाहीत,
एवढा पांढरा संगमरवर
आपल्या इंदूरच्या धुळीत टिकतो का कधी!
मुळ्ये म्हणाले, कादंबरीचा चोथा केला,
शेवट तर चक्क गोड.
त्यांच्या सुनेला स्वयंपाकघर आवडलं,
ओट्याचा रंग तिनं मोबाइलवर शोधूनही काढला.

मला विचारलं. मी म्हटलं, बरा आहे.

पुस्तकात पहारेकऱ्याला नाव होतं,
बावीस पानं होती, खोकला होता,
धारच्या पुढे कुठंसं गाव होतं.
पडद्यावर उरला नुसता एक हात,
दांडा वर करणारा.
दोनदा.

सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना
गाडी नायिकेच्या साड्यांवरच अडली.

मग लेकाच्या टाउनशिपच्या फाटकाशी रिक्षा थांबली.
"किनके यहाँ?"
दर रविवारी विचारतो, तसंच.
वरून फोन कुणी उचलेना.
त्यानं स्वतःची खुर्ची पुढे सरकवली, बैठो माँजी,
आणि वहीत नावाच्या रकान्यात लिहिलं,
९०४ की माताजी.
मागच्या पानावरही तेच. त्याच्याही मागच्या.

खोकला त्यालाही होता.
छातीवर नावाची पट्टी होती.
वाचावी म्हणून पर्स चाचपली,
तर चष्मा राहिलेला थिएटरात,
एफ रांगेत,
पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्यापाशी.