चौथी पेटी

हापशीच्या दांड्याला मोहोळ लोंबत होतं,
चांगलं दीड शेराचं.
बाया गुंड खाली ठेवून लांब उभ्या,
आणि सरपंचाच्या पोरानं जुना टायर ओढत आणला होता.
मी धावत पोचले तेव्हा
त्यानं काडीसुद्धा ओढली होती.

मुन्सी कासदेकरनं ती फुंकून विझवली.
"धूर नोको करू, बाबू.
घरून पोटभर खाऊन निघाल्या हायेत थ्या.
भरल्या पोटी कोनी डसत नाई."

खालून टोपली धरली. हात घातला.
ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात जावा
तसा दाणा दाणा बोटांतून सरकत गेला,
फक्त हा दाणा ऊन होता
आणि प्रत्येकाला जायचं होतं कुठेतरी.

वर जुनं लुगडं बांधून
दिवस बुडताना शेताच्या धुऱ्यानं घरी आले.
टोपलीतला आवाज कानाला कमी,
पोटाला जास्त ऐकू येत होता.

पेटी चौथी.
पहिलीतल्या तिसऱ्या दिवशी उडून गेल्या.
दुसरीला मी प्रशिक्षणात सांगितली तशी
राणीदाराची पत्र्याची पट्टी लावली:
कामकरणी जातील येतील, राणी अडकेल.
नवव्या दिवशी पट्टीच्या आत राणी होती,
एकटी, वाळलेली.
तिसरी मुंग्यांनी नेली.
तिच्यात आता कोंबडी बसते.

या वेळी पायांखाली पाण्याच्या चार वाट्या.
मुन्सीनं मोहाच्या ढोलीतून पोळ्याचा तुकडा आणलेला,
बंद घरांत पांढऱ्या अळ्या.
केळीच्या सोपटानं तो चौकटीला बांधता बांधता म्हणाला,
"मांडीवर लेकरू देल्लं का बाई उठत नाई."

मी काही बोलले नाही.
माझ्या मांडीवर लेकरू होतं
आणि मी उठले होते.
पहाटेची परतवाडा एसटी, पिशवीत दोन झबली,
त्या घराला तर बाहेरून कडी होती.

टोपली उपडी करून पेटीवर एक थाप दिली.
त्या सांडल्या, पसरल्या, वर चढू लागल्या.
काही दारात उभ्या राहून पंख हलवत राहिल्या,
मागे राहिलेल्यांना वास देत.
मुन्सीनं पट्टीकडे बोट दाखवलं.
"लावतं का?"
"नाही."
"मंग उद्या हापशीवर पाहाजो."
तो हसला नाही, मीही नाही.

सात दिवस पेटी उघडायची नाही, ठोकायची नाही.
साखरेचं पाणी ठेवायचं आणि गप्प राहायचं.
दुसरं मला जमलं नाही.
रात्री तेजू झोपल्यावर फळीला कान लावून
मी काहीबाही सांगत बसायचे:
सांभार फुलावर आलाय, विहिरीकडचा.
संत्र्याचा आंबिया बहार या वर्षी उशिरा.
माकडं असतात, पण पेटीला घाबरतात.
आतून उत्तर नव्हतं. नुसती घरघर,
दूरच्या चक्कीसारखी.

तिसरा दिवस गेला.
चौथ्या दिवशी मी मुद्दाम कामाला गेले.

पाचव्या दिवशी तेजू न्याहारी टाकून ओरडला,
"आई, हिच्या पायाले काहीतरी लागलंय!"
मागच्या दोन्ही पायांवर
पिवळट गोळे, मोहरीएवढे.
जड होऊन ती दारातच आपटली,
उठली, आत गेली.
तिच्यामागे दुसरी.

पोरांना खाऊ घालायचं नसेल
तर पराग कोणी आणत नाही.
एवढं मला प्रशिक्षणातलं आठवतं.

पत्र्याची पट्टी आता चुलीजवळ असते.
कढईचा जळका तळ
तिनं छान खरवडला जातो.