बगळा छाप

नगरपरिषदेचा तक्ता, सहा रकाने.
पहिला वास्तूच्या नावाचा, शेवटचा शेऱ्याचा.
मी लिहिलं: कौलांचा कारखाना, बंद.
खाडीच्या अंगाची भिंत खचलेली.
धुराडं उभं. उंची अंदाजे,
कारण टेप तीस मीटरचीच होती
आणि वर चढायला कुणी तयार होईना.

आर्किटेक्ट बाई सावंतवाडीहून आल्या.
त्यांना धुराडं फार आवडलं.
म्हणाल्या, हे राखू, खालून पिवळे दिवे सोडू.
भट्टीत कॉफी. वाळवणीच्या माचांच्या जागी खोल्या,
प्रत्येक खोलीला थोडी थोडी खाडी.
मोबाईलवर चित्र दाखवलं:
लालभडक छप्पर, एकसारखं.
बोटांनी मोठं करून पाहिलं,
पत्रा होता,
कौलासारखा दुमडलेला.

खरी कौलं उतरायला लागून वर्ष झालं.
दर बुधवारी टेम्पो येतो.
गोव्याच्या बंगल्यांना जुनंच कौल लागतं,
शेवाळासकट.
शेवाळाचे नगामागे दोन रुपये जास्त.

इनास फर्नांडिस एकोणीस वर्षं भट्टीवर होता.
त्याला विचारलं, तुझ्या मते काय राखावं?
त्यानं धुराड्याकडे मान वळवली नाही.
"पाडा ता.
माझ्या भावाच्या छातीत आसा तेचो अर्धो धूर."
विडी पेटेना. दोन काड्या फुकट घालवल्या.
मग म्हणाला,
"ता तळा मात्र राखा."

तळं म्हणजे माती काढून पडलेला खड्डा.
आता म्हशी डुंबतात,
रविवारी पोरं गळ टाकून बसतात.
ह्या पंचक्रोशीत ज्या ज्या घरावर छप्पर चढलं
ते सगळं इथून उपसलेलं.
गाव जेवढं वर गेलं
तेवढी ही जमीन खाली गेली,
मापाला माप.
मी रकाना शोधत राहिलो.
बाईंनी नकाशा उलगडला:
तिथं पार्किंग आहे.

निघताना ढिगाऱ्यातून एक कौल उचललं.
वरून बगळा, एका पायावर,
चोच अजून शाबूत.
पालथं केलं तर
ओल्या मातीत बोटानं कुणीतरी हिशेब मांडलेला:
सव्वीस दिवस, वजा चार खाडे,
त्याखाली उचल, नऊ रुपये,
मग आडवी रेघ.
रेघेखाली काहीच नाही.
कौल तेवढ्यातच भट्टीत गेलं असावं.

इनासला दाखवलं. अक्षर ओळखतोस?
तो हसला. म्हणाला,
"बोटान लिवलेला सगळ्यांचा सारख्याच दिसता."
आणि पुन्हा हातात देताना
रेघेखालच्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला,
सावकाश,
धूळ पुसावी तसा.

कौल आता माझ्या टेबलावर आहे.
तक्ता त्याखाली ठेवलाय,
पंखा मोठा केला तरी उडत नाही.
पाच रकाने भरले.
मुख्याधिकारी दोनदा विचारून गेले.