हार्टलशॉची झाकणं

मी मोल्डर. उद्यमबागेत एकतीस वर्षं.
मला इंग्रजी उलटी वाचता येते, सुलटी नाही.
लाकडी नमुना काळ्या वाळूतून उचलला
की अक्षरं आरशातल्यासारखी पडतात,
एखाद्याची कड ढासळली तर
मी पत्र्याच्या जिभलीनं बसवतो.
एच, ए, टी बिचारे दोन्हीकडून सारखे.
एस तेवढा खोडीचा.

हार्टलशॉ टाऊन कौन्सिल.
विलायतेतल्या कुठल्या गावच्या गटारांची
सहाशे झाकणं.
चारशे बारा ओतून झाली
तेव्हा मुतगेकर साहेब मोबाईल घेऊन आत आले,
भट्टीजवळ उभे राहिले, घाम पुसला नाही.
"कौन्सिल बुडाली म्हणे."

सरकार बुडतं व्हय?
पतसंस्था बुडते. भिशी बुडते,
भिशीवाली बाई रातोरात गोकाकला जाते.
पण सायबाची कचेरी?
आमचा आजा कॅम्पात घोड्यांना नाल मारायचा,
म्हणायचा, त्यांच्यात खिळासुद्धा
वहीत लिहिल्याशिवाय वाकत नाही.

कंग्राळीची सुवर्णा तिकडंच नर्स आहे,
हार्टलशॉपासून दोन बस पलीकडं.
फोनवर हसली.
"काका, बारानंतर रस्त्याचे दिवे बंद असतात.
वाचनालय मिटलं, पोहायचा तलाव मिटला.
खर्च कसा कमी करायचा ते सांगायला
एक कंपनी आणली,
तिच्या बिलात तलाव दोन वर्षं चालला असता.
माझ्या वॉर्डात माणसं खुर्चीवर रात्र काढतात.
आणि दारातल्या खड्ड्यात केशरी टोपी ठेवलीय,
अकरा महिने झाले,
तिच्यावर आता शेवाळ आलंय.
लोक शिव्या देतात की,
पण रांगेत उभं राहून."

आमच्या अनगोळच्या बोळात
गटाराचं तोंड तीन पावसाळे उघडं आहे.
चौकात कारंजं झालं,
निळे दिवे आहेत त्याला, पाणी नाही.
खिडकीत मराठीत अर्ज दिला, परत आला.
पन्नास रुपये देऊन कानडीत लिहून घेतला,
तो परतसुद्धा आला नाही.
"नाळे बन्नी," खिडकी म्हणते.
उद्या या.
एवढं मात्र बोळात सगळ्यांना कळतं,
इस्माईल बागवानालाही कळलं,
केळ्यांच्या गाडीसकट आत गेला तेव्हा.

पाच आठवडे पगार नाही.
पटांगणात चारशे बारा झाकणं, एकावर एक,
दवानंच तांबूस पडत चाललेली.
एका रात्री मी आणि बसगौडानं
त्यातलं एक रिक्षात घातलं.
साहेबांनी बघितलं,
आणि वॉचमनच्या खोलीतला पंखा
कसा वाजतोय ते बघायला आत गेले.

भोकाला थोडं लहानच झालं.
विटांची कड केली, सिमेंट लावलं.
सकाळी पोरं त्यावर उभी राहून वाचत होती,
हार्... टल्... शॉ.
मी ते नाव सुलटं पहिल्यांदाच ऐकलं.

तीन पावसाळे जो आला नाही
तो तिसऱ्या दिवशी आला, जीपमधून.
फोटो काढले. नोटीस चिकटवली:
सार्वजनिक जागेवरची अक्षरं
ठरलेल्या भाषेत, ठरलेल्या आकारात नाहीत.
मग कुणी म्हणालं मराठीत ओता,
कुणी म्हणालं कानडीत,
दिवेलागणीपर्यंत बोळात तेच.
इस्माईल पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन ऐकत होता.

रात्री पहारीनं झाकण उलटं केलं.
पाठीवर नुसत्या बरगड्या,
त्यांत काँक्रीट भरलं,
आणि ओलं होतं तोवर बसगौडानं
खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या,
पाय घसरू नये म्हणून.

सुवर्णाला फोटो पाठवला.
"नाव कुठाय?" तिनं विचारलं.
खाली आहे, म्हटलं, अंधारात. शाबूत आहे.
तुझी टोपी?
"आहे की," म्हणाली.

सोमवारी जीप परत येणार आहे म्हणतात,
रेघा कुठल्या भाषेत आहेत
ते बघायला.