अर्धा इंच

बडिगेरच्या वखारीत मी तीन फळ्यांचा वास घेतला.
सागाचा शिळ्या तेलासारखा.
मत्तीचा काहीच नाही.
फणसाचा गोडसर, आणि रंग असा
की बोट लावलं तर हळद लागेल.
‘अक्का, वासावर दार घेत्यात होय?’ मौनेश हसला.
कापड मी वासावरच घेते, म्हटलं,
खळ किती मारलीय ते नाकाला कळतं.

साग ठरला.

मग जाळी.
स्टीलची फार चकाकते, प्लॅस्टिकची वर्षात फुगते.
कोपऱ्यात पितळेची एक गुंडाळी होती,
लोंढ्याकडच्या कुठल्याशा बंगल्यावरून उतरवलेली,
हिरवट पडलेली.
नखानं घरं मोजली. इंचाला चौदा.
उभा धागा, आडवा धागा,
हे तर तारेचं वायलच.
उजेडाकडं धरली तर समोरची कौलांची भट्टी
टिपक्याटिपक्यांनी विणल्यासारखी दिसली.

माझी खोली रस्त्याला लागून.
भट्टीसाठी माती काढलेल्या खड्ड्यांत डास,
दार लावलं की घामानं कापड डागतं,
उघडं ठेवलं की बायका माप द्यायला अवघडतात.

‘खाली लाकूड कुठवर?’
छातीपर्यंत.
‘कुणाच्या?’
हा प्रश्न बरोबर होता.
माझ्याकडं शिवणाऱ्यांत सगळ्यात उंच फिलोमिना.
तिला भिंतीला उभी केली,
खडूनं रेघ मारली.

‘ओळगे उघडायचं का होरगे?’
बाहेर. आत मशीन आहे.

चौकटीचं माप मीच दिलं, माझ्या फितीनं.
साडेपस्तीस.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली
आणि पुटपुटत फळीवर लिहिलं,
मूवत्तैदूवरे.

मंगळवारी दार आलं, बिजागरीत बसलं,
आणि कडीच्या बाजूला
वरपासून खालपर्यंत उन्हाची एक उभी टीप.

त्यानं पोलादी टेप लावला चौकटीला. छत्तीस.
मी फीत लावली. साडेपस्तीस.
पुन्हा त्यानं. पुन्हा मी.
दोघंही खोटं बोलत नव्हतो.
बावीस वर्षं गळ्यात लोंबून
माझी फीत लांबली होती.

त्या रात्री झोप कुठली.
कल्लव्वाच्या थोरलीचं लग्नातलं पोलकं,
शाळेतल्या बाईंच्या बाह्या,
नंदगडच्या त्या दोघी जावा,
सगळ्या अर्ध्या अर्ध्या इंचानं
माझ्या उशाशी येऊन उभ्या राहिल्या.
पहाटे कधीतरी ध्यानात आलं,
ज्या फितीनं मापलं
त्याच फितीनं कापलं.
चूक चुकीत नीट बसली होती,
खांद्यात बाही बसते तशी.
फक्त दारापाशी
दोन फिती समोरासमोर आल्या.

मौनेश म्हणाला, सागाचीच पट्टी जोडतो,
पॉलिश मारलं की सांधा दिसणार नाही, गुरुवारपर्यंत.
म्हटलं, फणसाची लाव.
‘रंग जमत नाही, अक्का.’
नाही जमू दे. कापड कमी पडलं
की आम्ही काय नवा थान फाडतो? कळी घालतो.
‘कळी?’ तो थांबला. ‘मोग्गु?’
झाडावरची नव्हे रे, म्हटलं. काखेतली.
तो इतका हसला
की रंधा खाली ठेवावा लागला.

आता दिवसा मला सगळे दिसतात, मी कुणाला नाही.
दिवा लावला की उलटं,
मग पडदा ओढावा लागतो. हे आधी सुचलं नव्हतं.
स्प्रिंग जरा जास्तच कडक आहे.
नवी फीत आणलीय, अजून पुडीतच आहे.

परवा कल्लव्वा माप द्यायला आली, दारातच थांबली,
सागाच्या कडेनं गेलेल्या त्या पिवळ्या पट्टीवरून
वरून खाली बोट फिरवलं
आणि विचारलं, हे असं मुद्दाम?

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.