पाव आटा

जुने बॉल जॉइंट मीच ठोकून काढले,
अकराव्या घावानंतर मोजणं सोडलं.
गंजाची भुकटी ओठांवर आली,
चव जुन्या नाण्यासारखी.
नवे बसवले, काळ्या रबरी टोप्या घातलेले.
शेवटी पिनचं भोक जुळेना,
म्हणून नटाला आणखी पाव आटा दिला.
मग बोटं गारठली होती म्हणून
आणखी थोडा.

सकाळी पिकअप बापाने घेतली, मी शेजारी.
मोंटानाच्या या सपाटीवर वळणं कमीच,
पण धान्याच्या कोठाराशी एक आहे.
तिथे आर्डेलने स्टिअरिंग वळवलं
आणि ते वळलेलंच राहिलं.
एरवी हात सैल सोडला की
घराकडे निघालेल्या घोड्यासारखं
आपसूक सरळ व्हायचं.
सुजलेल्या बोटांनी त्याने ते ओढून आणलं,
रेडिओवरचे गव्हाचे भाव ऐकत राहिला.
“नवं आहे,” एवढंच म्हणाला, “होईल सैल.”

रात्री पुन्हा शेडमध्ये. उणे अठरा.
दिवा बॉनेटला टांगला, चाकं जॅकवर,
हाताने फिरवून पाहिलं:
सांधा कुठला, आवळलेला जबडा.
सगळं उघडलं. एक पिन तुटली.
या वेळी टॉर्क रेंचची टिक ऐकली
आणि थांबले.
थांबणं आमच्या घरात कुणी शिकवत नाही.
बाप तर काकड्यांच्या बरणीचं झाकणही
पुन्हा कुणी उघडू नये असं लावतो.

आज कोठाराच्या वळणावर
त्याने दोन्ही हात उचलले.
चाक आपलं आपण सरळ आलं.
“म्हटलं नव्हतं? होईल सैल.”

मी काळी नखं हातमोज्यात घातली,
गव्हाचे भाव जरा मोठे केले.