गोलाई, रात्री पावणेदोन

औशात माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, आधार, बारशाचे अल्बम.
लातूर वीस किलोमीटर.
म्हणजे लातूर मला पाठ,
असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो.

लातूर म्हणजे कागद संपला की जायचं,
लेन्सला बुरशी धरली की जायचं,
पोरीच्या क्लासची फी भरायला जायचं.
खिशात चिठ्ठी ठेवून बघितलेलं शहर
चिठ्ठीएवढंच दिसतं.

परवा मुरूडचं लग्न उरकून परत येताना
गांधी चौकात पाण्याची बाटली घ्यायला थांबलो.
एक टपरी उघडी नव्हती.
स्टँड गाडीला बांधलेला होता, बॅटरी अर्धी होती,
आणि घरी कुणी वाट बघत नव्हतं.
म्हणून गोलाईकडे वळलो. एवढंच कारण.

सोळा रस्ते येऊन मिळतात इथं.
दिवसा त्यातला एकही धड दिसत नाही;
दिसतात चपला, मिरच्या, बांगड्या, हातगाडे
आणि पुढच्या माणसाची पाठ.
लहानपणी मामा मला मधल्या देवळाच्या पायरीवर बसवायचा,
"हलू नको" म्हणायचा आणि सरकी आणायला जायचा.
मी हलायचो.
मग सोळातून आपला रस्ता कुठला ते कळायचं नाही
आणि मी भोकाड पसरायचो.

त्याच पायरीसमोर स्टँड लावला.
रिमोट बिघडलेला, म्हणून शटर उघडून तोंडानं मोजत बसलो.
एक. दोन. तीन.
अकराव्याला गुळाचा ट्रक गेला.
तो फोटोत आला नाही, त्याचा लाल दिवा तेवढा आला,
कुणी घाईत दोरा ओवावा तसा.
पायरीवर झोपलेलं कुत्रं मात्र कानाच्या केसासकट आलं.
धंद्यात तीस वर्षं हेच शिकलो खरं तर,
जो हलत नाही त्याला उजेड सोडत नाही.

चौथ्या फोटोत वरच्या मजल्याची भिंत उजळली.
मोबाईलच्या नव्या बोर्डाच्या वर,
चुन्याखालून फिकट निळी अक्षरं:
नलवाड फोटो गुड्स. रोल, फ्रेम, अल्बम.
डोळ्यांनी वर बघितलं तर नुसता काळोख.
परत पडद्यावर बघितलं. होतीच.

या दुकानातून मी पहिला रोल घेतला.
साडेतीन रुपये कमी पडले होते.
मन्मथअप्पा म्हणाले, "फोटो चांगले आले तर दे.
वाईट आले तर तसंही कोण मागणार?"
फोटो वाईट आले.
नंतर दुकान दिसेना. वाटलं, पाडलं असेल.
महिन्यातून दोनदा मी त्याच्याच खालून जात होतो,
चिठ्ठी वाचत.

"काय करूलालाव हो?"
गोलाईचा राखणदार. काठी, मफलर, पिवळी बॅटरी.
म्हणालो, फोटो काढतोय.
"अंधारात?"
अंधारातच.
"मग माझा बी काढा की एक."

मी रोज शंभर माणसांना सांगतो, हलू नका.
त्याला सांगायचं राहून गेलं.
दोन मिनिटं शटर उघडं ठेवलं,
आणि तो आपल्या नेमानं राउंडला निघाला,
कुलपं ओढून बघत, शिट्टी मारत,
सराफा, भांडी, किराणा, अर्धं वर्तुळ करून
धापा टाकत परत आला.
"दावा."

पडद्यावर सोळा रस्ते होते, देऊळ होतं, कुत्रं होतं,
निळी अक्षरंसुद्धा होती.
आणि दुकानांच्या कडेनं, गुडघ्याच्या उंचीवर,
एक पिवळी रेघ, मधे मधे थबकलेली.
"मी कुठंय?"
ही रेघ, म्हणालो. हेच तुम्ही.
जिथं थबकली, तिथं कुलूप होतं.

त्यानं चष्मा पुसला.
बोट न लावता रेघेवरून बोट फिरवलं,
पहिल्या कुलपापासून शेवटच्यापर्यंत.
"लैच बारीक झालो की हो मी," म्हणाला,
आणि सव्वादोनच्या राउंडला गेला.