झेरॉक्स, सेलू

हाश्मी सरांनी पिशवीतून पुस्तक काढलं,
शिवण उसवलेलं, कडेला वाळवीनं कुरतडलेलं.
म्हणाले, बाविसावं पान तेवढं नीट येऊ दे,
पोरांना दाखवायचंय.

बाविसाव्या पानावर एक बाई आणि एक कुत्रं.
बाईला तोंड नाही. म्हणजे आहे, पण अर्ध्यात सोडलेलं,
जसं कुणी जेवायला हाक मारली
आणि काढणारा उठून गेला.
कुत्रं मात्र पुरतं. तीन रेघांचं.
एक पाठ, एक शेपूट,
तिसरी नुसतीच ओढलेली, कशाची ते कळत नाही,
पण अंगठ्यानं झाकली तर कुत्रं मरतं.

अडीचशे वर्षांपूर्वीचा कुणी इंग्रज, सर म्हणाले.
दिवसा बड्या लोकांची तोंडं रंगवायचा, पोटासाठी.
हे रात्रीचं.
हे कुणी मागितलं नव्हतं.

मशीननं पहिली प्रत कोरीच दिली.
पेन्सिल इतकी फिकी, की काचेखालचा उजेड
जाऊन आला आणि त्याला काही दिसलं नाही.
दोन घरं गडद केलं. मग बाई आली, कुत्रं आलं,
आणि आमच्या ड्रमचे जुने ठिपके आले
कुत्र्याच्या अंगभर.
सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. गोचिड्या, म्हणाले.
राहू दे. आता ते सेलूचं झालं.

चाळीस प्रती. सरांकडून मी दीड रुपयानंच घेते.

दुपारी लाईट गेली.
स्टँडवर परतूरची गाडी लागलेली, ड्रायव्हरचा पत्ता नाही.
सीताफळाच्या पाटीवर हात टाकून
कौसाबाई पेंगत होती,
पायाशी ते लंगडं, ज्याला नाव नाही,
हाड म्हटलं की जवळ येतं.

वाया गेलेल्या कोऱ्या प्रतीवर
मी रिफिलीनं रेघ ओढून बघितली.
पाठ जमली.
शेपूट, बरं म्हणायचं.
तिसरीला हात उचलला
आणि ते उठलं, अंग झाडलं, गाडीखाली गेलं.

कौसाबाई डोळे न उघडता म्हणाली,
काय काढायलीस गं?
माझं थोबाड नको काढू,
निराधारच्या पगारासाठी कालच निघालाय फोटू,
चांगला नाही आला.

नाही काढलं, म्हटलं.
पदर काढलाय. पाटी काढलीय.
सीताफळं किती होती तेवढं सांग.